कोयनेचं पाणी, पोफळीची वीज आणि आपली मळी

प्रश्न आलाय बेळगाव जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या यडूरच्या बाजूच्या एका तरुण ऊस उत्पादकाचा. थोडक्यात असा: ‘दर पावसाळ्यात “कोयनेच्या वीजगृहातून पाणी सोडलं” अशी बातमी येते आणि आमच्या गावात नदीवरच्या मोटारी वर काढायची पळापळ सुरू होते. एवढं मोठं वीजकेंद्र आहे, तर पुराच्या वेळी सगळी मशीनं लावून ते पाणी कोकणात का उतरवत नाहीत? आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे कृष्णेत दगडं दिसायला लागतात, तेव्हा वीज बंद ठेवून तेच पाणी खाली का देत नाहीत?’

मी निपाणी भागातला. नोकरी जलविद्युतमध्ये झाली, त्यातली बरीच वर्षं कोयनेच्या मशीनांवर. निवृत्तीनंतर परत इकडेच आलो, त्यामुळे हा प्रश्न मला पाराजवळ, लग्नात, साखर कारखान्याच्या गेटवर, सगळीकडे विचारून झालाय. इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

सरळ उत्तर असं की बातमीतल्या ‘वीजगृहातून सोडलेल्या’ पाण्याने तुमची मळी, म्हणजे नदीकाठची जमीन, बुडत नाही. आणि पूर आलाच तर वीजगृह तुम्हाला वाचवेल, एवढी त्याची कुवतही नाही. बुडवायचं आणि वाचवायचं जे काही आहे ते धरणाच्या सहा वक्र दरवाज्यांत, आणि त्याहून जास्त जुलै-ऑगस्टात धरणात किती जागा मोकळी ठेवली होती त्यात आहे. आता हे कसं, ते बघू.

‘कोयनेचं वीजगृह’ म्हणतात ते एक नाही. धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. पण तिथली खरी वीज धरणाजवळ होतच नाही. धरणाच्या शिवसागर जलाशयातून नवजाच्या अंगाला पाणी बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि चिपळूण तालुक्यात पोफळीला, डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहात, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं. तिथलं पहिलं मशीन १९६२ मध्ये सुरू झालं. पहिला आणि दुसरा टप्पा मिळून आज ६०० मेगावॅट. चौथा टप्पाही जमिनीखालीच, २५० ची चार मशीनं, म्हणजे १००० मेगावॅट. त्याच्यासाठी १९९९ च्या मार्चमध्ये भरल्या जलाशयाच्या तळाला स्फोट करून बोगदा जोडला होता, ते ‘लेक टॅपिंग’ तेव्हा फार गाजलं. पुन्हा तसंच २०१२ च्या एप्रिलमध्ये केलं. या सगळ्या टप्प्यांचं वापरून झालेलं पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात येतं, तिथून अलोरे इथल्या तिसऱ्या टप्प्यात आणखी ३२० मेगावॅट करतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. त्यातला एक थेंबही आपल्याकडे येत नाही.

आपल्याकडे येतं ते फक्त पाचव्या जागेचं पाणी: पायथा वीजगृह. धरणाच्या पायाशी दोन लहान मशीनं, मिळून ४० मेगावॅटच्या आसपास. एक मशीन चाललं की १०५० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट), दोन्ही चालली की २१०० क्युसेक कोयना नदीत. तिथून कराडला कृष्णेत, मग सांगली, नरसोबावाडीला पंचगंगा मिळते, पुढे महाराष्ट्राच्या हद्दीतला कृष्णेवरचा शेवटचा राजापूर बंधारा, आणि मग आपण. बातमीत ‘वीजगृहातून विसर्ग’ असतं ते नव्वद टक्के वेळा हेच २१०० क्युसेक. कृष्णा दोन्ही थडी भरून चालते तेव्हा राजापूर बंधाऱ्यावरून लाखाच्या पुढे क्युसेक जात असतात. त्यात २१०० म्हणजे जेमतेम दोन टक्के. बातमी खोटी नसते. नदीपात्रात पाणी सोडायचं तर काठच्या गावांना कळवणं भाग आहे, भोंगा वाजवावा लागतो, पत्रक काढावं लागतं. पत्रकाची बातमी होते, बातमीचा व्हॉट्सॲप होतो, आणि आपल्या कल्लोळ गावाला पोचेपर्यंत ‘कोयना फुटली’ इथपर्यंत मजल जाते.

(धरण फुटण्याचं निघालंच आहे तर: ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं दगावली. धरणाला वरच्या भागात भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. नंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत केलं. पावसाळ्यात पाणी सोडतात ते ‘धरणाला धोका आहे म्हणून’ नाही, धरण भरत आलं म्हणून.)

आता मुख्य प्रश्न. सगळी मशीनं लावून पूर पश्चिमेला का उतरवत नाहीत?

हिशेब करू, कठीण नाही. ११,५७४ क्युसेक एक दिवसभर चालले की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, होतं. हा आकडा पाठ करून ठेवा, वर्तमानपत्र वाचताना फार उपयोगी पडतो.

पोफळीचे ६०० मेगावॅट पूर्ण भाराने चालवायला, पावणेपाचशे मीटरची उंची आणि मशीनची नेहमीची कार्यक्षमता धरून, साधारण पाच हजार क्युसेक लागतात. चौथ्या टप्प्याच्या १००० मेगावॅटला सव्वाआठ-साडेआठ हजार. म्हणजे सगळंच्या सगळं, एकही मशीन दुरुस्तीला नाही, रात्रंदिवस पूर्ण भार, असं धरलं तरी साडेतेरा हजार क्युसेक. दिवसाला सव्वा टीएमसीच्या आतच.

दुसरीकडे धरणात येतं किती? कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर. नवजा, महाबळेश्वर, कोयनानगर इथे जुलै-ऑगस्टात दिवसाला ३०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. जमीन आधीच भिजलेली असते, त्यामुळे पडेल तो पाऊस जवळजवळ सगळा वाहून येतो. ८९० चौरस किलोमीटरवर ३०० मिलिमीटर म्हणजे नऊ टीएमसीच्या वर. एका दिवसात. म्हणजे सरासरी लाखभर क्युसेकची आवक. त्यातले साडेतेरा हजार तुम्ही बोगद्यात घातलेत. उरलेल्या साडेशहाऐंशी हजारांचं काय? ते एकतर धरणात राहणार नाहीतर दरवाज्यातून खाली जाणार. वीजकेंद्र कितीही मोठं असो, ते मुळात बारमाही चालण्यासाठी आखलेलं असतं. पुराचा माथा पोटात घ्यायला कुणी बोगदा खणत नाही, परवडणारच नाही.

बरं, हे साडेतेरा हजारसुद्धा पुराच्या दिवशी मिळतीलच असं नाही. कारण कोळकेवाडी. पोफळीचं आणि चौथ्या टप्प्याचं पाणी जिथे उतरतं ते धरण लहान, सव्वा टीएमसीच्या आसपासचं. घाटावर जेव्हा ३०० मिलिमीटर पडतो तेव्हा घाटाखाली कोकणात तो काही विश्रांती घेत नसतो. कोळकेवाडीला स्वतःचं पाणलोट आहे, तेही त्याच रात्री भरून येतं. अलोऱ्याची मशीनं त्यातलं पुढे काढतात, पण खाली वाशिष्ठी आधीच तुडुंब असते, आणि भरतीची वेळ असली तर चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरायला वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते आठवत असेल. तेव्हा तिथली माणसं कोळकेवाडीकडे बोट दाखवत होती, जसं आपण कोयनेकडे दाखवतो. आपल्या मळीतला ऊस वाचावा म्हणून चिपळूणच्या घराघरात पाणी घाला, असं आपण म्हणू शकत नाही, आणि म्हटलं तरी तिकडचा इंजिनीअर ऐकणार नाही. अशा वेळी पश्चिमेची मशीनं उलट कमीच करावी लागतात.

त्यात पोफळीच्या मशीनांची एक खोड आहे. पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची चाकं पेल्टन जातीची. त्यात पाण्याची जोरदार धार नोझलमधून सुटून चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक हवेत फिरतं. त्याच्याखालचं पाणी चढून चाकाला लागलं तर मशीन चालवता येत नाही. त्यामुळे खालची पातळी सांभाळूनच भार घ्यावा लागतो. चौथ्या टप्प्याची फ्रान्सिस चाकं पाण्यात बुडून चालतात, त्यांना ही अडचण नाही, पण पाणी शेवटी जातं त्याच कोळकेवाडीत.

ज्यांनी कधी वीजगृह आतून पाहिलं नाही त्यांना वाटतं, बटण दाबलं की चालू. तसं थोडंफार आहेही. कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याचा वीजभार सांभाळणाऱ्या केंद्राचा, फोन येतो, ‘एक मशीन घ्या’. कंट्रोल रूममधून हुकूम जातो, खाली गोल झडप उघडते, नोझलची सुई मागे सरकते आणि चाक हलतं. सुरुवातीला नुसती घरघर, मग आवाज चढत जाऊन एका सुरात लागतो. पॅनेलवर सिंक्रोस्कोपचा (मशीन आणि ग्रिडचा ताल जुळला का ते दाखवणारा) काटा भराभर फिरत असतो, तो हळू हळू होत जातो. बाराच्या ठोक्यावर येताना ब्रेकर पडतो, पायाखालची फरशी किंचित शहारते आणि मशीन ग्रिडला जोडलं जातं. फोन ठेवल्यापासून वीज बाहेर पडेपर्यंत काही मिनिटं. औष्णिक केंद्राला थंड बॉयलरपासून यायला कित्येक तास लागतात. कोयनेची खरी किंमत यातच आहे: संध्याकाळी दिवे लागले, एखादं मोठं औष्णिक युनिट अचानक बंद पडलं, ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरली, की पहिला फोन तिकडे. वर्षभर ती अशी तुकड्या-तुकड्यांत चालते. पाणी सांडायची वेळ आली की मात्र औष्णिक केंद्रांचा भार उतरवून जलविद्युतला पुढे करतात, कारण ते पाणी नाहीतरी फुकट जाणार असतं. म्हणजे तुम्ही म्हणता तसं ‘सगळी मशीनं लावा’ हे पूरकाळात जमेल तितकं आधीच केलेलं असतं.

शिवाय पश्चिमेला वळवायच्या पाण्याला मर्यादा आहे. कृष्णेच्या पाण्याची राज्यांत वाटणी करणाऱ्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी एवढीच परवानगी दिली. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. दिवसाला सव्वा टीएमसीच्या हिशेबाने सगळी मशीनं अखंड चालवली तर हा कोटा दोन महिन्यांत संपेल, आणि ऑगस्टनंतर राज्याला संध्याकाळची वीज द्यायला मशीन असेल पण पाणी नसेल.

मग पूर येतो कशाने? इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडे सगळे ‘कोयना, कोयना’ करतात आणि बाकीच्या नद्या विसरतात. कुरुंदवाडजवळ कृष्णेला जेवढ्या मुलखाचं पाणी येतं तो सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. त्यात कोयना धरणाच्या वरचा मुलूख ८९०. पाऊस तिथे सर्वांत जास्त पडतो हे खरं, पण धरणाच्या खाली कोयनेलाच ओढे-नाले मिळतात, वारणा येते, पंचगंगा तिच्या पाच नद्यांसकट येते, आणि त्यांच्यातला बराचसा भाग धरणांनी अडवलेला नाही. निपाणी-सदलगा पट्ट्यातल्या माणसांच्या दारात जे पाणी येतं त्याचा तर कोयनेशी काडीचा संबंध नाही. ती वेदगंगा आणि दूधगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीला हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली, ती वेदगंगा. जत्राट-भिवशी, भोज-कारदगा, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे दर वर्षी पहिल्यांदा पाण्याखाली जातात, ते याच दोन नद्यांमुळे. तिथल्या माणसाने कोयनेचा आकडा बघून काय करायचं? त्याने या दोन नद्यांवरच्या काळम्मावाडी आणि पाटगाव धरणांचे आकडे बघावेत.

कोयना धरण पुरात काय करतं, तर जोवर जागा आहे तोवर पाणी अडवतं. आवक लाखभर आणि विसर्ग चाळीस हजार असेल, तर साठ हजार क्युसेक धरणाने तुमच्यापासून रोखून धरलेत असा त्याचा अर्थ. अडचण येते ती धरण भरल्यावर. मग जेवढं वरून येतं तेवढं खाली सोडावंच लागतं, आणि नेमक्या त्याच दिवशी वारणा आणि पंचगंगाही भरून आलेल्या असतात. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला आपण हेच भोगलं.

यावर नेहमीचा सवाल: मग जूनमध्येच दरवाजे उघडून जागा का करत नाहीत? करता येत नाही म्हणून. कोयनेचे वक्र दरवाजे सांडव्यावर, म्हणजे धरणाच्या अगदी वरच्या भागात आहेत. एकूण साठा १०५.२५ टीएमसी, त्यातले साधारण ७३ टीएमसी भरल्याशिवाय पाणी दरवाज्यांच्या उंबऱ्याला लागतच नाही. त्याच्याखाली असताना दरवाजे उघडले काय आणि बंद ठेवले काय, सारखंच. तेव्हा पाणी काढायच्या मोठ्या वाटा दोनच: पश्चिमेचे बोगदे आणि पायथ्याचे २१०० क्युसेक. म्हणजे ‘धरण ६० टक्के भरलं असताना सोडलं असतं तर’ ही टीका ऐकायला बरी वाटते, पण कशातून सोडणार?

खरी निवड करायची असते ती ७३ आणि १०५ च्या मधल्या बत्तीस टीएमसीत. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धरण ८० वर आलं, हवामान खात्याने घाटमाथ्यावर रेड अलर्ट दिला, तर दरवाजे दोन-तीन फूट उघडून जागा करायची, की ‘पुढे पाऊस गेला तर?’ म्हणून भरून घ्यायचं? माझं स्पष्ट मत आहे की ऑगस्टच्या मध्यापर्यंत पंधरा-वीस टीएमसी जागा रिकामी ठेवावी. कोयनेच्या खोऱ्यात पावसाने साथ दिली तर एवढी जागा तीन-चार दिवसांतही भरते. पण समोरची बाजू बिनबुडाची नाही. २०२३ ला पावसाने दगा दिला, धरण पूर्ण भरलंच नाही, आणि वीजनिर्मितीला कात्री लावावी लागली. आपणच त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाण्यासाठी हात पसरले. जागा ठेवली असती आणि पाऊस गेला असता, तर शिव्या द्यायलाही आपणच पुढे असतो.

आता उन्हाळ्याचा प्रश्न. मला विचाराल तर पुरापेक्षा यात आपल्याला बोलायला जास्त जागा आहे.

एक टीएमसी पाणी पोफळीतून सोडलं तर सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. तेच पुढे अलोरेत आणखी पाऊण कोटी देतं. म्हणजे चार कोटी युनिट. तेच एक टीएमसी पायथा वीजगृहातून पूर्वेला सोडलं तर उंची साधारण सत्तर मीटरच मिळते, त्यामुळे पन्नास लाखांच्या आत. आपल्याला एक टीएमसी देणं म्हणजे महाराष्ट्राने साडेतीन कोटी युनिट वीज सोडून देणं, तीही मे महिन्यात, जेव्हा पंखे, कूलर, शेतीपंप सगळं चालू असतं आणि एकेका मेगावॅटसाठी मारामार असते. युनिटचा भाव तुम्हीच लावून बघा. म्हणून ‘वीज बंद करून पाणी द्या’ हे आपल्याकडून सोपं वाटतं, तिकडून ते बिल आहे.

तरीही पाणी पूर्वेला सोडतातच, आणि बरंच. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना उन्हाळ्यात त्याच पायथ्याच्या पाण्यावर चालतात. आपली अडचण अशी की आपण रांगेत सर्वांत शेवटी. कराडपासून राजापूरपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना मोटारी, मधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले. वरून सोडलेलं पाणी आधी एकेक बंधारा भरणार, मग पुढे सरकणार. कोरड्या वाळूत मुरतं ते वेगळं, उन्हाने उडतं ते वेगळं. त्यामुळे कोयनेतून निघालेल्या एका टीएमसीतलं उगार-कुडचीपर्यंत किती पोचेल हे कोयनेच्या दरवाज्यापेक्षा मधल्या बरग्यांवर ठरतं. कर्नाटक सरकार उन्हाळ्यात पत्र लिहितं, ‘दोन-तीन टीएमसी द्या’, कधी मिळतं, कधी बैठकीतच संपतं. बदल्यात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याला कर्नाटकाने आपल्या योजनांतून पाणी द्यायचं, ही देवाणघेवाणीची कल्पनाही बऱ्याच वर्षांपासून चर्चेत आहे. मला ती शहाणपणाची वाटते, कारण त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. पण करार करताना ‘कोयनेतून इतकं सोडू’ असं लिहून घेऊ नये. ‘राजापूर बंधाऱ्यावर इतकं मिळेल’ असं लिहून घ्यावं. या दोन वाक्यांतला फरक मेमध्ये नदीत उभं राहिलं की कळतो.

आलमट्टी धरणाबद्दल दोन शब्द, कारण ते कृष्णेवरच आपल्या खालच्या अंगाला आहे आणि तिथेही मोठं वीजकेंद्र आहे, २९० मेगावॅटचं. कोयनेच्या अगदी उलट: पाणी अफाट, उंची पंचवीस-सव्वीस मीटर. एका टीएमसीला जेमतेम सतरा-अठरा लाख युनिट. म्हणून तिथे कॅप्लान जातीची, जहाजाच्या पंख्यासारख्या पात्यांची चाकं बसवलीत, आणि सगळी मशीनं चालली की बेचाळीस हजारांच्या आसपास क्युसेक त्यातूनच खाली जातं. त्यामुळे ‘वीजगृहातून विसर्ग’ हे शब्द कोयनेच्या बातमीत आले तर दुर्लक्ष करा, आलमट्टीच्या बातमीत आले तर तो आकडा मोठा असतो. गंमत म्हणजे मोठ्या पुरात आलमट्टीची वीज कमी होते. दरवाज्यातून सोडलेल्या पाण्याने धरणाच्या खालची पातळी चढते, वरची आहे तिथेच असते, मधली उंची घटते आणि मशीनला जोर उरत नाही. २०१९ ला तिथून पाच लाख क्युसेकच्या पुढे पाणी सोडत होते. असल्या वेळी विजेचा विचार कुणी करत नाही.

सांगली-कोल्हापूरकडची माणसं आलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याला, दोष देतात. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुरानंतर आलमट्टीमुळे सांगली बुडाली नाही असंच म्हटलं होतं. आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायचं ठरलं तर मात्र तो हिशेब नव्याने मांडावा लागेल, आणि त्यात पहिला नंबर सांगलीचा नाही. तिच्या आधी अथणी, रायबाग, जमखंडीच्या काठाचा आहे. याकडे आपल्या भागात पुरेसं कुणी बघत नाही.

कुणीतरी विचारेलच: एवढं पाणी आपल्या जिल्ह्यातून जातं तर आपल्याकडे कोयनेसारखं केंद्र का नाही? उंची नाही म्हणून. गोकाकच्या धबधब्यावर पाण्याचा जोर वापरायला १८८७ मध्येच सुरुवात झाली होती, तेव्हा देशात फार ठिकाणी असं काही नव्हतं. पण तो कडा पन्नास मीटरचा. हिडकलच्या धरणाला ५१ टीएमसी पाणी आहे आणि वीजगृह ३२ मेगावॅटचं. घटप्रभा, मलप्रभा पूर्वेला सपाटीवर उतरत जातात. पाणी आहे, पण ते कोसळत नाही. आणि आपल्या घरात हेस्कॉमची (उत्तर कर्नाटकातल्या वीज कंपनीची) वीज येते तिला कोयनेचा संबंधच नाही असंही समजू नका. २०१३ च्या डिसेंबरअखेर रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला. तेव्हापासून फ्रिक्वेन्सी सगळ्यांची एकच.

तर जून ते सप्टेंबर कोणते आकडे बघायचे? कोयनेचा ‘टक्के’ बघू नका, टीएमसी बघा. ७३ च्या खाली असेल तर दरवाज्याची भीती नाही. ९० च्या वर गेलं आणि नवजा-महाबळेश्वरला रोज दीडशे-दोनशे मिलिमीटर चालू असेल तर सावध व्हा. दरवाजे किती फूट उघडले यापेक्षा एकूण विसर्ग किती क्युसेक ते महत्त्वाचं. त्यातले २१०० वजा करा, उरलं ते सांडव्याचं. सांगलीच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. दोन्ही एकाच दिवशी चढायला लागल्या की कोयनेचं काय चाललंय हे विचारत बसू नका, पाणी आपल्याकडे निघालेलंच आहे. कोयनेच्या दरवाज्यापासून कल्लोळ-यडूरपर्यंत यायला साधारण दीड ते दोन दिवस धरा. नदी आधीच भरलेली असेल तर लवकरही.

कोयना, वारणा, सांगलीचे आकडे मराठी पेपरात येतात. आपल्या खालच्या हिप्परगी बंधाऱ्याचे आणि आलमट्टीचे कन्नड पेपरात. आपल्या घरात दोन्ही वाचणारं कुणीतरी असतंच, बहुतेक शाळेतली पोरं. त्यांना रोज सकाळी पाच आकडे वहीत लिहायला लावा: कोयनेचा साठा, कोयनेचा विसर्ग, आयर्विन, राजाराम, आणि हिप्परगीतून किती चाललंय ते. हिप्परगीतून जाणारं पाणी राजापूरहून येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी दिसायला लागलं, की तेवढं पाणी मधे आपल्याच काठावर साठतंय.

मोटारींचं म्हणाल तर राजापूरचा आकडा लाखाकडे जाताना दिसला की त्याच दिवशी उजेडात मोटार वर काढा, स्टार्टरची पेटी सोडवून घरी आणा आणि केबलची टोकं बांधून खुंटीवर उंच टांगा. हेस्कॉमचा लाइनमन त्या फीडरची लाइन बंद करतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. जॅकवेलमध्ये, म्हणजे मोटारीच्या विहिरीत, पाणी शिरल्यावर चालू लाइनवर मोटार काढायला उतरलेली माणसं आपल्या भागात गेलेली आहेत.